अंगठा जुळला नाही, मग पुढं काय?

फलकावर आजचा विषय ‘रनटाइम एरर आणि एक्सेप्शन हँडलिंग’ असा लिहिला आहे. नाव जड आहे, पण केळापूर तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरानं ही गोष्ट पाहिलेली आहे. कंट्रोलच्या दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवायचा. मशीन थोडा वेळ घेतं आणि सांगतं, जुळला नाही. मग दुसरं बोट, मग तिसरं. मागं रांग वाढते. दुकानदार म्हणतो, उद्या या. आता हे ‘उद्या या’ कुणी ठरवलं? मशीननं, दुकानदारानं, मुंबईतल्या कार्यालयानं, की कुणीच नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधणं म्हणजेच एक्सेप्शन हँडलिंग. त्यासाठी आधी थोडा पाया घालावा लागेल. संगणक न शिकलेल्यांनीही बसून राहावं, फार अवघड नाही.

प्रोग्राममध्ये चुका तीन तऱ्हेच्या असतात. एक व्याकरणाची. कंस उघडला आणि बंद करायचा राहिला. ही चूक प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच पकडली जाते, तिची भीती बाळगू नये. दुसरी विचाराची. क्विंटलचे किलो करताना शंभराऐवजी दहानं गुणलं. प्रोग्राम खुशाल चालतो, छान छापील पावती देतो, आणि ती पावती चुकीची असते. तिसरी चूक आजच्या विषयाची. व्याकरण बरोबर, गणित बरोबर, काल दिवसभर प्रोग्राम चालला, आज मात्र मध्येच आडवा झाला. का? कारण प्रोग्राम लिहिताना आपण जग जसं गृहीत धरलं होतं, तसं ते आज वागलं नाही. फाईल जिथं असायला हवी तिथं नाही. नेट गेलं. ज्या रकान्यात आकडा हवा तिथं कुणीतरी ‘नाही’ असं लिहिलं. ही रनटाइम एरर, म्हणजे चालताना उद्भवलेली अडचण. खरं तर हिला चूक म्हणणंसुद्धा जरा अन्यायाचं आहे. लिहिणाऱ्याची चूक असेलच असं नाही. म्हणून तिला ‘एक्सेप्शन’, अपवाद, असा शब्द आला.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. बाजार समितीत कापसाचा दिवसाचा सरासरी भाव काढायचा आहे. एकूण रक्कम भागिले एकूण क्विंटल, झालं. दिवाळीच्या दिवशी आवक शून्य. रक्कमही शून्य, क्विंटलही शून्य. शून्याला शून्यानं भागायचं कसं? इथं वेगवेगळ्या भाषा वेगवेगळं वागतात, आणि ते वागणं बघण्यासारखं आहे. पायथन ताबडतोब थांबते आणि ओरडून सांगते, शून्यानं भागता येत नाही. जावामध्ये पूर्णांक असतील तर तीही असंच अपवाद फेकते. पण त्याच जावामध्ये दशांश अपूर्णांक घेतले, किंवा जावास्क्रिप्टमध्ये हाच भागाकार केला, तर कुणी ओरडत नाही. उत्तर येतं ‘नॅन’, म्हणजे ‘नॉट अ नंबर’, हा आकडाच नव्हे. प्रोग्राम पुढं चालू राहतो. मग हे नॅन महिन्याच्या बेरजेत मिसळतं, आणि महिन्याची सरासरीही नॅन होते. वर्षाचीही होते. मार्चमध्ये कुणीतरी अहवाल उघडतं आणि डोकं धरून बसतं, कारण गडबड दिवाळीला झाली होती आणि दिसली मार्चमध्ये.

आता याहून मजेदार प्रयोग. आपण मराठी माणसं, आपले आकडे देवनागरी. समजा एखाद्या अर्जात क्विंटलच्या रकान्यात कुणी ‘४२’ असं देवनागरीत टाकलं. प्रोग्रामला या अक्षरांचा आकडा करायचा आहे. पायथनचं ‘इंट’ हे काम बिनतक्रार करतं, तिला देवनागरी अंक कळतात, उत्तर बेचाळीस. जावाचं ‘पार्सइंट’ही बेचाळीसच देतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ म्हणतं, नॅन. आणि सी भाषेतलं जुनं ‘एटूआय’ नावाचं फंक्शन काय करतं? ते उत्तर देतं शून्य.

इथं जरा थांबू या, कारण आजच्या व्याख्यानाचं मूळ इथंच आहे. पायथननं आकडा ओळखला, चांगलं झालं. ती ओळखू शकली नसती तर तिनं अपवाद फेकला असता, तेही चांगलंच. नॅन हे निदान विचित्र दिसतं, कुणाचं तरी लक्ष जाईल. पण शून्य? शून्य हा तर अगदी सभ्य आकडा. ज्या शेतकऱ्याचं पीक खरंच बुडालं त्याच्या रकान्यातही शून्यच असतं. आता बेचाळीस क्विंटलवाला आणि पीक बुडालेला, दोघं यादीत एकसारखे दिसायला लागले. अडचण आली होती, पण तिनं आकड्याचे कपडे घातले आणि गर्दीत मिसळली. आमच्या मते प्रोग्राम बंद पडणं हा रनटाइम एररमधला मोठा धोका नव्हेच. बंद पडलेला प्रोग्राम सगळ्यांना दिसतो, कुणी ना कुणी दुरुस्त करतंच. धोका आहे तो अडचण माहितीसारखी दिसायला लागते तेव्हा.

म्हणून आधुनिक भाषांमध्ये अपवादाला वेगळा रस्ता दिला गेला. कसा, ते महसूल खात्याच्या उदाहरणानं सांगतो. जिल्हाधिकाऱ्यांनी तहसीलदारांना काम दिलं, तहसीलदारांनी मंडळ अधिकाऱ्याला, मंडळ अधिकाऱ्यानं तलाठ्याला. प्रोग्राममध्येही अशीच उतरंड असते. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. तिला ‘कॉल स्टॅक’ म्हणतात. आता तलाठ्याला जागेवर अशी गोष्ट आढळली की जिचा निर्णय त्याच्या अधिकारात नाही. नदीनं पात्र बदललं, गट नंबरच पाण्यात गेला. त्यानं काय करावं? मनानं काहीतरी आकडा भरून अहवाल पाठवू नये. काम तिथंच थांबवावं आणि वर कळवावं. मंडळ अधिकाऱ्याला अधिकार नसेल तर त्यानं तहसीलदारांकडे. ज्याच्याकडे निर्णयाचा अधिकार आणि त्यासाठी लागणारी माहिती दोन्ही आहेत, त्याच्यापाशी प्रकरण थांबतं. प्रोग्रामच्या भाषेत खालच्यानं अपवाद ‘थ्रो’ केला आणि वरच्या एकानं ‘कॅच’ केला. मधले सगळे आपापलं काम अर्धवट टाकून बाजूला होतात. आणि अगदी वरपर्यंत कुणीच झेलला नाही, तर प्रोग्राम बंद. पडद्यावर लाल अक्षरांची जी लांबलचक यादी दिसते आणि विद्यार्थी घाबरतात, ती दुसरं काही नसून हीच उतरंड असते. कुणी कुणाला बोलावलं होतं आणि गाडी कुठं अडली. ती वाचायला शिकावं. पायथनमध्ये शेवटून वाचायला सुरुवात करावी, कारण तिथं सगळ्यात शेवटच्या ओळीत अडचणीचं नाव असतं.

‘ट्राय’ म्हणजे, या ओळी करून बघ, इथं अडचण येऊ शकते. ‘कॅच’ म्हणजे (पायथनमध्ये ‘एक्सेप्ट’), अशी अडचण आली तर हे कर. आणि ‘फायनली’ म्हणजे, काम झालं किंवा फसलं, जाताना हे करूनच जा. कल्पना तशी जुनी आहे. १९६० च्या दशकातल्या पीएल-वन भाषेत अडचण आली तर काय करायचं ते आधी सांगून ठेवायची सोय होती. सी भाषेनं मात्र तो रस्ता घेतला नाही. तिथं फंक्शन उणे एक किंवा शून्य परत देतं आणि तुम्ही तपासून घ्यायचं, नाही तपासलंत तर तुमचं नशीब. पुढं सी प्लस प्लस, जावा, पायथन यांनी अपवादाचा वेगळा रस्ता रूढ केला. अलीकडच्या गो आणि रस्ट या भाषा पुन्हा थोड्या मागं वळल्या. त्या म्हणतात, अडचण ही उत्तरासोबतच परत द्या, पण अशी द्या की उत्तर आणि अडचण एकमेकांसारखी दिसणार नाहीत. वाद तज्ज्ञांमध्ये अजून चालू आहे. आपण त्यात पडायचं कारण नाही, कारण शून्य आणि ‘कळलं नाही’ यांची गल्लत होऊ नये, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

‘फायनली’बद्दल एक शब्द. दुकानात तुमच्या शिधापत्रिकेचा व्यवहार सुरू असताना सर्व्हर तिला कुलूप लावतो असं समजा, म्हणजे तिच्यावर त्याच वेळी दुसरीकडून धान्य उचललं जाऊ नये. व्यवहार निम्म्यात असताना वीज गेली. कुलूप काढायचं राहिलं. आता वीज आली तरी मशीन म्हणणार, व्यवहार सुरू आहे. कुलूप काढण्याची ओळ ‘फायनली’मध्ये असली पाहिजे, आणि यंत्रच बंद पडलं तर ‘फायनली’लाही संधी मिळत नाही, म्हणून सर्व्हरच्या बाजूनं कुलपाला मुदतही हवी. इतकं बारीक बघावं लागतं.

आता अंगठ्याकडे येऊ. आधार क्रमांक देण्याची सुरुवात देशात आपल्याच राज्यातून झाली. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. आदिवासी गाव होतं ते. ज्यांच्याकडे ओळखीचा कागद नाही त्यांना ओळख मिळावी हा उद्देश सांगितला गेला होता. नोंदणीच्या वेळीच ‘बायोमेट्रिक एक्सेप्शन’ नावाची सोय ठेवलेली होती. ज्याला बोटं नाहीत, ज्याचे डोळे घेता येत नाहीत, त्याचीही नोंदणी व्हायला हवी. म्हणजे अपवादाचा विचार नव्हता असं नाही. पण नोंदणी आयुष्यात एकदा होते आणि धान्य दर महिन्याला लागतं. कापूस वेचणाऱ्या, निंदण करणाऱ्या, दगड फोडणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. म्हातारपणी त्या आणखी पुसट होतात. पाटणबोरीकडच्या एखाद्या कोलाम पोडावरची आजी आणि यवतमाळच्या कार्यालयातला बाबू यांची बोटं यंत्राला सारखी वाचता येत नाहीत.

मशीन ‘जुळला नाही’ म्हणतं तेव्हा आत काय घडतं? आधारच्या सर्व्हरकडून साधं हो किंवा नाही येतं, आणि नाही असेल तर सोबत कारणाचा संकेतांक येतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकानं स्वतःच आपले ठसे लॉक करून ठेवलेत. ९९८ म्हणजे हा क्रमांकच चुकीचा आहे किंवा त्याची माहिती उपलब्ध नाही. आणि चौथी शक्यता अशी की उत्तरच आलं नाही, कारण नेट नाही. बघा, चार अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ठसा जुळला नाही तर दुसरं बोट, नाहीतर डोळ्याची बाहुली, नाहीतर मोबाईलवर ओटीपी. लॉक असेल तर दहा बोटं लावूनही उपयोग नाही, लॉक काढायला सांगा. क्रमांक चुकला असेल तर बोटाचा काहीच दोष नाही, तहसीलच्या पुरवठा शाखेत नोंद दुरुस्त करायला हवी. नेट नसेल तर पुन्हा प्रयत्न करा, नाहीतर व्यवहार मशीनमध्ये साठवा आणि नेट आल्यावर पाठवा.

पण प्रोग्राम लिहिणाऱ्यानं कंटाळा केला, किंवा त्याला घाई होती, आणि त्यानं एकच ‘कॅच’ लिहिला, कुठलीही अडचण येवो, पडद्यावर ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ असं दाखव. प्रोग्राम अजिबात बंद पडत नाही. चाचणीत पास होतो. प्रोग्रामर म्हणतो, आम्ही सगळे अपवाद हाताळलेत. आम्ही म्हणतो, झेललेत, हाताळले नाहीत. फरक एवढाच की चेंडू झेलून त्यानं तो खिशात टाकला. आता दुकानदाराला चारही प्रकार सारखेच दिसतात. त्याला कळायला मार्ग नाही की या बाईला दुसरं बोट लावायला सांगावं की तहसीलला पाठवावं. मग तो सगळ्यांना एकच सांगतो, उद्या या. त्या बाईची आजची मजुरी बुडालेली असते, उद्याचीही बुडते. पायथन शिकणारी मुलं याहून वाईट करतात. ‘एक्सेप्ट’ आणि पुढं ‘पास’. अडचण आली तर काहीच करू नको, पुढं चल. पुस्तकात या प्रकाराला चूक गिळणं म्हणतात. गिळलेली चूक पोटात राहते, एवढं लक्षात ठेवा.

बरं, चारही प्रकार वेगळे ओळखले, सगळे उपाय करून झाले, आणि तरीही जमलं नाही. आता? इथं प्रोग्रामरचा अधिकार संपतो. धान्य द्यायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार कोड लिहिणाऱ्याला नाही. तो प्रश्न वर गेला पाहिजे, तलाठ्याच्या उदाहरणासारखा. आणि तो प्रत्यक्षात वर गेलाही. केंद्राच्या अन्न विभागानं २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही म्हणून कुणाचं नाव यादीतून कमी करू नये, आणि नेटवर्क, जोडणी, पुसट ठसे अशा तांत्रिक कारणांमुळे प्रमाणीकरण झालं नाही म्हणून धान्य नाकारू नये. त्याच दिवशी आधार प्राधिकरणानंही परिपत्रक काढलं, त्याच्या विषयातच ‘एक्सेप्शन हँडलिंग’ हे शब्द आहेत. आपण वर्गात शिकतो तोच शब्द. अशा लाभार्थ्याला इतर ओळखपत्र पाहून धान्य द्यावं आणि अपवादाची नोंद ठेवावी, असा त्याचा रोख. म्हणजे ‘कॅच’मध्ये काय लिहायचं ते सरकारनं सांगून ठेवलेलं आहे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, आणि अंगठा ही तो हक्क ओळखण्याची फक्त एक रीत. रीत फसली म्हणून हक्क फसत नाही. प्रोग्राममध्ये या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. ‘ओळख पटली नाही’ आणि ‘हक्क नाही’ यांना एकच उत्तर देणं म्हणजे सी भाषेतला तो शून्य झाला.

दुसरा प्रसंगही त्याच वर्षीचा आणि आपल्या जिल्ह्याच्या अगदी जवळचा. २४ जून २०१७ ला राज्य सरकारनं छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ, ३४,०२२ कोटींचा आकडा. अर्ज ऑनलाइन. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटण्यात आली आणि लगेच याद्यांचा घोळ बाहेर आला. बँकांकडून आलेल्या माहितीत अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक असल्याच्या बातम्या तेव्हा आपण सगळ्यांनी वाचल्या. राजकारण बाजूला ठेवू, प्रोग्रामरच्या नजरेनं बघू. असं होतं कसं? फॉर्मवरचा रकाना सक्तीचा आहे. आधार भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. भरणाऱ्यासमोर तीनशे कर्जदारांची यादी आणि मुदत आजची. ज्याचा आधार क्रमांक फाईलमध्ये नाही, त्याचं काय करायचं? ‘उपलब्ध नाही’ म्हणायची सोयच फॉर्ममध्ये नसेल तर माणूस काहीतरी भरतो. अशा यंत्रणा जिथं जिथं असतात तिथं तिथं हे घडतं, मग ती बँक असो, शाळा असो की दवाखाना. ज्या प्रोग्राममध्ये ‘माहीत नाही’ला जागा नसते, तो प्रोग्राम माणसांना खोटं लिहायला लावतो.

यावर तांत्रिक उपाय कोणता? आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हा तपासणीचा अंक असतो. याकोबस व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये ही पद्धत मांडली. एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटेपालटे झाले, तर ती हमखास पकडते. शिवाय आधार क्रमांक शून्यानं किंवा एकानं सुरू होत नाही. म्हणजे बारा वेळा ‘एक’ दाबणाऱ्याला नेट नसतानाही जागच्या जागी अडवता येतं. अडचण जितकी उगमाजवळ पकडाल तितकी स्वस्त. ज्याच्या हातात कागद आहे त्याच्यासमोरच पकडली तर तो दुरुस्त करील. मुंबईत पकडली तर कागद पांढरकवड्यात आणि माणूस शेतात. पण हेही ध्यानात घ्या, की एकच खरा क्रमांक शंभर जणांपुढे लिहिला तर तपासणीचा अंक तो आनंदानं मान्य करतो. तिथं दुसरा नियम हवा, हा क्रमांक आधीच आला आहे, पुन्हा घेणार नाही. आणि या दोन्ही नियमांइतकंच महत्त्वाचं म्हणजे ‘क्रमांक उपलब्ध नाही’ अशी खूण करायची प्रामाणिक वाट आणि तसे अर्ज बघणारा एक माणूस. ती वाट न ठेवता नियम कडक केलेत तर भरणारा याहून हुशार खोटं शोधून काढील.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं नवं रॉकेट, एरियान-५, पहिल्यांदा उडालं. पृथ्वीचं चुंबकीय आवरण अभ्यासणारे चार उपग्रह त्यावर होते. इंजिन पेटल्यावर सुमारे ३७ सेकंदांनी दिशा सांगणाऱ्या संगणकात एक मोठा दशांश आकडा १६ बिटांच्या छोट्या पूर्णांकात बसवायची वेळ आली. तिथं कमाल ३२,७६७ मावतात. आकडा त्याहून मोठा होता. जुन्या एरियान-४ च्या उड्डाणात तो कधी एवढा होत नसे, आणि सॉफ्टवेअर तिथलंच उचललेलं होतं. भाषा एडा. भाषेनं आपलं काम चोख केलं, अपवाद फेकला. पण या आकड्यासाठी झेलणारा ठेवलाच नव्हता. अशा सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण होतं, तिघांना नव्हतं, संगणकावर जास्त भार नको म्हणून. सर्वसाधारण नियम असा होता की अपवाद आला म्हणजे यंत्र बिघडलं असं समजून तो संगणक बंद करायचा आणि राखीव संगणक घ्यायचा. राखीव संगणकात तेच सॉफ्टवेअर. तो त्याच कारणानं क्षणभर आधीच बंद पडला होता. दोन साक्षीदार, पण दोघांनी एकाच वहीतून पाठ केलेलं.

आणि खरी गंमत, गंमत कसली, पुढं आहे. बंद होता होता त्या संगणकानं आपल्या बिघाडाची माहिती बाहेर टाकली. मुख्य संगणकानं ती माहिती उड्डाणाचा आकडा म्हणून वाचली. त्याला वाटलं रॉकेट भलतंच वळलंय, म्हणून त्यानं ते ‘सरळ’ करायला इंजिनांची तोंडं फिरवली. रॉकेट तुटलं. अडचणीची चिठ्ठी माहिती म्हणून वाचली गेली, तीच आपली एटूआयची गोष्ट, फक्त भारी किमतीची. वर कडी म्हणजे ज्या भागातून अपवाद आला त्या हिशेबाची रॉकेट उडाल्यानंतर गरजच नव्हती.

आता चांगलं उदाहरण. यूपीआयनं पैसे पाठवले, आपल्या खात्यातून गेले, समोरच्याला मिळाले नाहीत. इथं अडचण मोठी अवघड असते, कारण प्रोग्रामला तीन उत्तरं मिळू शकतात. झालं, नाही झालं, आणि कळलं नाही. ‘कळलं नाही’ला ‘नाही झालं’ समजून पुन्हा पाठवलं तर पैसे दोनदा जातील. ‘झालं’ समजलं तर समोरचा बसेल वाट बघत. म्हणून प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक देतात. त्याच क्रमांकानं दहा वेळा विचारलं तरी व्यवहार एकदाच व्हावा. आणि तरीही अडकलं तर? रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ते ठरवून दिलंय. यूपीआयनं पाठवलेले पैसे समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत, त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये ग्राहकाला. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून वजा झाले, तर मुदत ५ दिवसांची, पुढं तेच १०० रुपये. ग्राहकानं तक्रार करायची वाट बघायची नाही. आमच्या मते अपवाद हाताळण्याचा हा उत्तम नमुना आहे. अडचण येणार हे आधीच मान्य केलं, मुदत घातली, आणि ती अडचण ज्याच्या यंत्रणेत आली त्याच्याच खिशाला ती लागेल असं बघितलं. कंट्रोलच्या रांगेत ‘उद्या या’ची किंमत यंत्रणेला पडत नाही, रांगेतल्या बाईला पडते. दोन यंत्रणांमधला फरक कोडमध्ये शोधून सापडणार नाही.

व्याख्यानानंतर प्रश्न बरेच आले, त्यांतले दोन इथं देतो.

पहिला: दुकानदाराच्या हातात अपवादाची वही दिली तर तो खोट्या नोंदी करून धान्य बाहेर विकणार नाही का? विकू शकतो, नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून अपवाद मुका नसावा. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, मशीननं दिलेला संकेतांक, किती किलो आणि कुणी मान्यता दिली, हे हवं. मग महिन्याच्या शेवटी दुकानांची तुलना करता येते. एका दुकानात निम्मे व्यवहार अपवादातले असतील तर तपासा. पण एखाद्या दुकानात वर्षभरात एकही अपवाद नसेल तर तेही तितक्याच बारकाईनं तपासा. एवढ्या झिजलेल्या हातांच्या गावात एकही अंगठा फसला नाही, याचा अर्थ बहुधा इतकाच की फसलेले लोक परत गेले आणि त्यांची नोंद झाली नाही. आणि अशा नोंदीत पूर्ण आधार क्रमांक लिहू नये, शेवटचे चार अंक पुरतात. चूक नोंदवण्याच्या फाईलमधून माणसांची खासगी माहिती बाहेर गळणं, हा प्रोग्रामरांचा आवडता निष्काळजीपणा आहे.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा: आमच्या प्रोजेक्टमध्ये अपवाद येतच नाहीत, मग तपासायचं कसं? येत नाहीत कारण तुम्ही सगळे चांगली माहिती भरता. मुद्दाम त्रास द्या. रकाना रिकामा सोडा. आकड्याच्या जागी ‘४२’ देवनागरीत, मग ‘बेचाळीस’ अक्षरात, मग मागंपुढं मोकळी जागा ठेवून टाका. प्रोग्राम फाईल वाचत असताना तिचं नाव बदला. नेट बंद करा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे विनंती पाठवल्यानंतर आणि उत्तर येण्याआधी बंद करा, कारण खेड्यात नेट नेमकं तेव्हाच जातं. एकाच माणसाचा अर्ज दोनदा पाठवा. एकच नाव असलेले दोन वेगळे माणूस पाठवा, या तालुक्यात ते सहज सापडतील. आडनावच नसलेला माणूस पाठवा. जन्मतारीख २९ फेब्रुवारी ठेवा, आणि ज्या आजीला आपली जन्मतारीख माहीतच नाही, तिचा अर्ज तुमच्या प्रोग्राममध्ये भरता येतो का ते बघा.